वहिनी, तुम्ही फक्त सही करा

परवा सकाळी साडेसातला तव्यावर भाकरी टाकलेली, आणि दारात पाचवीतलं पोरगं उभं. पाऊस भुरभुरत होता म्हणून रजिस्टर खताच्या गोणीत गुंडाळून आणलेलं. "काकू, सरांनी सही मागितलीय. लगेच द्या म्हणाले." पेनाचं टोपण काढून तयारच. माझे हात पिठाचे. म्हटलं, थांब बाळा, आधी वाचते. त्याचं तोंड असं झालं, जणू मी त्याचं दप्तरच काढून घेतलं. आजवर कुणी वाचलंच नसेल, त्याचा काय दोष!

ते आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचं प्रोसिडिंग होतं, म्हणजे सभेचा वृत्तांत. सुवाच्य अक्षरात, तांबड्या शाईनं समास आखलेलं. "आज रोजी दुपारी ठीक २ वाजता समितीची मासिक सभा संपन्न झाली. गणवेश खरेदीच्या विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात आली." खाली सूचक म्हणून एका सदस्याचं नाव. आणि अनुमोदक? अनुमोदक मी! सभेची जी तारीख घातली होती, त्या दिवशी दुपारी दोन वाजता मी सोयाबीनच्या फडात कंबरेत वाकून खुरपत होते. माझ्या शेजारच्या पाताला आमच्या मागल्या गल्लीतली जाऊ होती, तीही समितीत सदस्य. म्हणजे एक सविस्तर चर्चा बहुधा तणाशी झाली.

आता म्हणाल, एका सहीचं एवढं काय? सगळीकडे असंच चालतं. हेच ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय. सगळीकडे असंच चालतं म्हणून तर माझ्या पोरीच्या शाळेतल्या मुलींच्या संडासाला दोन वर्षं कडी नाही. एक आत जाते, दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. आणि प्रोसिडिंगमध्ये 'स्वच्छतागृह दुरुस्तीबाबत चर्चा झाली' हे वाक्य मी स्वतः तीनदा वाचलंय. एका कडीला किती चर्चा लागते हो? कडी मिळते साठ-सत्तर रुपयाला. सुताराला चहा पाजला की तो फुकट बसवून देईल.

ही समिती काही कुणाची मेहेरबानी नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या २१ व्या कलमात सरळ लिहिलंय की समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांतलाच. मुख्याध्यापक सदस्य सचिव. शाळेच्या कारभारावर देखरेख, शाळेचा विकास आराखडा, आलेल्या अनुदानाचा विनियोग, ही सगळी कामं समितीची. बैठक महिन्याला. वाचताना छाती फुगते. वाटतं, आपल्या हातात शाळा दिलीय. दिलीय खरी, पण हात आमचे आणि पेन त्यांचं.

समिती दर दोन वर्षांनी नव्यानं बनते. आमच्याकडे ती कशी बनली ते सांगते. रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज: उद्या सकाळी अकराला पालक सभा, सर्वांनी उपस्थित राहावे. ज्या बाईकडे फोन नाही, जिचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो, तिनं काय करायचं? आणि अकराला! जुलैमध्ये! रोजंदारीवर जाणारी बाई आठला घर सोडते. म्हणजे जिचं पोर खरोखर या शाळेवर अवलंबून आहे, नेमकी तीच सभेला नाही.

मग सभेला होतं कोण? फाटकापाशी दोन बोलेरो उभ्या. एक सरपंचांच्या पॅनेलची, एक माजी सरपंचांच्या. पांढरे शर्ट, कडक इस्त्री. यातल्या निम्म्यांची पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पिवळ्या बसनं जातात. आमच्या पोरांच्या शाळेचा पट किती, हे त्यांना सभेत बसल्यावर सरांना विचारावं लागलं. चौऱ्याहत्तर. वर तोंड करून म्हणतात कसे, "एवढाच का? वाढवायला पाहिजे." अहो, तुमची आणून घाला की!

पण अध्यक्ष पालकच पाहिजे ना? तर त्यावरही तोड निघाली. कायद्यात पालक म्हणजे आईबाप किंवा सांभाळणारा. एकानं उभं राहून जाहीर केलं की, पुतण्याचा सांभाळ मीच करतो. पुतण्या दुसरीत. त्याचा बाप तिथंच दाराला टेकून उभा, तंबाखू मळत. धडधाकट, हसरा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, अहो, बाप हा काय समोर उभाय! तेव्हा मागून आवाज आला, "वहिनी, तुम्ही बसा. बायकांच्या जागा बिनविरोध केल्यात, त्यात तुमचं नाव घेतलंय." म्हणजे माझी निवडणूक मी बसायच्या आधीच झाली होती. हात वर करून मोजणी झाली तेव्हा कुणी पालक आहे की पाहुणा हे विचारायची सोयच नव्हती. चहा-पोहे मात्र मोजून आणले होते. दोघांना कमी पडले त्यावरून जेवढा आवाज झाला तेवढा अध्यक्षपदावरून नाही.

या पदाला एवढी चुरस का, हे मला लग्न होऊन आल्यावर बरीच वर्षं कळलं नव्हतं. बिनपगारी पद, वर कटकट. मग कळलं, बँकेतलं खातं. अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या जोडसहीचं. तसं बघितलं तर पैसे काही डोंगर नाहीत. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं, आमच्यासारख्या ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये. त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. म्हणजे अडीच हजार. अडीच हजारात किती कड्या येतात ते तुम्हीच काढा. वीजबिल, खडू, फिनेल, दुरुस्ती, सगळं त्यातच भागवायचं, म्हणून सर रडतात. त्यांचं रडणं खोटं नाही. आणि त्या पंचवीस हजारांसाठी, अक्षरशः पंचवीस हजारांसाठी, गावात दोन पॅनेल पडतात, भावकी फुटते, लग्नात आहेराला जायचं बंद होतं. पैशापेक्षा जास्त म्हणजे पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ उभं राहून नारळ फोडायचा मान. आणि पुढच्या ग्रामपंचायतीची रंगीत तालीम.

आणि गणवेश! त्यावर तर मी पोथी लिहीन. २०२४-२५ ला सरकारनं 'एक राज्य, एक गणवेश' काढलं. समितीचे खरेदीचे अधिकार काढून घेतले, कापड वरून एकगठ्ठा, शिलाई बचत गटांकडे. जूनला शाळा भरली. आमच्याकडे स्वातंत्र्यदिनाला निम्मी पोरं मागल्या वर्षीच्या आखूड चड्डीत आणि उरलेली बापाच्या मापाच्या शर्टात. माझ्या पोरीचा स्कर्ट दोन सेफ्टीपिना लावून उभा होता. वर्तमानपत्रांतून बोंबाबोंब झाली. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार परत समितीला दिला. मला कोण आनंद! म्हटलं, आता मापं आपण घेऊ. गावातल्या दोन बायका शिवणकाम करतात, त्यांना काम देऊ.

कसलं काय. एका गणवेशाला ३०० रुपये, पोरामागं दोन, चौऱ्याहत्तर पोरं. करा हिशोब, ४४,४०० रुपये. अध्यक्षांच्या मेव्हण्याचं तालुक्याला कापडाचं दुकान आहे. तीन कोटेशनं लागतात म्हणे, तर तीन आली. तिन्हींचा कागद वेगळा, शिक्का वेगळा, अक्षर मात्र एकाच माणसाचं, 'रुपये'चा रु तिन्ही ठिकाणी शेपटी फुटलेला. मी ती फाईल बघायला मागितली म्हणून हे सगळं माहीत. बघायला मागितली तर सर म्हणाले, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता?" मला त्रास फाईल बघण्याचा नाही हो, बघितल्यानंतरचा आहे.

वरच्यापेक्षा खालचा चोर बरा असं म्हणायचं का आता? गणवेश वरून आला तर माप चुकतं, खालून आला तर कापड विरतं. पहिल्या धुण्यात रंग गेला.

सरांवर मी सगळं ढकलत नाही. तेही परजिल्ह्यातून आलेले, बायको-पोरं लांब. पटानुसार तीन शिक्षक पाहिजेत, आहेत दोन. त्यातल्या एकांच्या गळ्यात मतदार यादीचं काम. सर दिवसभर फोनवर माहिती भरतात. शाळेच्या माहितीचं यू-डायस भर, पगाराचं शालार्थ भर, खिचडीचे आकडे भर. तिसरी-चौथीची पोरं एका खोलीत पाढे म्हणत बसतात. त्या माणसाला गावातल्या कुठल्याच पॅनेलशी वैर परवडत नाही. बदलीच्या वेळी कोण आडवा येईल सांगता येत नाही. म्हणून ते रजिस्टर लिहून ठेवतात आणि पोराच्या हाती धाडतात. समजतं मला. पण समजून घ्यायची पाळी दर वेळी माझीच का? माझं पोर तिसरीत एकदाच असणार आहे.

तक्रार केली का, विचाराल. केली. लेखी. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिली, पोचपावती घेतली. तिथून ती विस्तार अधिकाऱ्यांकडे, तिथून केंद्रप्रमुखांकडे, आणि केंद्रप्रमुखांकडून 'आपल्या स्तरावर चौकशी करून अहवाल सादर करावा' असा शेरा मारून मुख्याध्यापकांकडे. म्हणजे ज्याच्याविषयी तक्रार, त्यालाच चौकशी अधिकारी केलं. तक्रार दीड महिना फिरून आमच्याच गावात आली, आणि ती माझ्या हाती पडायच्या आधी अध्यक्षांच्या हाती पडली.

आणि वर जावं तर वर होतं कोण? २०१७ ला निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक, म्हणजे सरकारनं नेमलेले साहेब. ना सदस्य, ना शिक्षण समिती, ना सभापती. आरक्षणाचा घोळ, गट-गणांचा घोळ, कोर्टाच्या तारखा. वर्षामागून वर्षं गेली. पहिलीत असलेली पोर चौथीत गेली, आणि तिच्या शाळेची मालक असलेल्या जिल्हा परिषदेत लोकांनी निवडलेला एक माणूस नव्हता. पूर्वीचे सदस्य काही संत नव्हते. पण निदान त्यांना मत मागायला दारात यावं लागायचं, तेव्हा त्यांना संडासाचं दार दाखवता यायचं. साहेबांना कुठलं दार दाखवणार? त्यांच्या दाराला पडदा आणि बाहेर शिपाई.

आमचे सासरे या शाळेला अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात. जिल्हा परिषदा आल्या १९६२ ला, त्याआधी स्कूल बोर्ड होतं, ते नाव त्यांच्या तोंडात बसलंय. ते सांगतात, गावानं श्रमदान करून दोन खोल्या बांधल्या, कौलं बैलगाडीनं आणली. जुन्या खोलीवर 'जीवन शिक्षण मंदिर' अशी अक्षरं अजून पुसट दिसतात. मी त्यांना म्हटलं, तात्या, तेव्हाही असली भांडणं असतील. म्हणाले, "व्हती की. पण भांडणाऱ्याची पोरं त्याच शाळंत व्हती." यावर मला बोलता आलं नाही.

बायकांचं तर विचारूच नका. कायद्यानं निम्म्या जागा, म्हणून समितीत आम्ही सहाजणी. बैठक झालीच तर येतात सहा नवरे. खुर्चीवर नवरा, रजिस्टरमध्ये 'सौ.' एकदा मी स्वतः गेले तर सगळे गप्प. एकानं आमच्या ह्यांना फोन लावला, "आरं, वहिनी इकडं आल्यात, माहितीय का तुला?" जणू मी वाट चुकून आलेली म्हैस. ह्यांनी तरी काय म्हणावं? "येऊ दे, तिला हौस आहे." हौस! घरी आल्यावर त्या हौसेवर जे भांडण झालं ते इथं लिहीत नाही.

तर परवा मी सही केली नाही. हात धुतले, चष्मा लावला, आणि माझ्या नावापुढं लिहिलं: 'मी सभेस हजर नव्हते. अशी सभा झालेली मला माहीत नाही.' तारीख घातली. पानाचा फोटो काढला. पोराला अर्धी भाकरी-चटणी दिली आणि रजिस्टर परत गोणीत गुंडाळून दिलं. दुपारपर्यंत ह्यांना चार फोन. पाचवा सोसायटीच्या चेअरमनचा, "पीककर्जाचं नूतनीकरण आलंय ना रे तुझं?" एवढंच. शाळेचं नावही काढलं नाही.

संध्याकाळी सर भेटले रस्त्यात. गाडी थांबवून, खाली बघत म्हणाले, "ताई, पावसानं पान भिजलं हो. नवीन लिहावं लागलं."

आज सकाळी पाण्याला गेले तर जाऊ नजर चुकवत होती. विचारलं, तर म्हणाली, काल रात्री सर आले होते रजिस्टर घेऊन. तारीख तीच, वेळ तीच, दुपारी दोन. अनुमोदकाच्या जागी आता तिचं नाव आहे, आणि तिनं सही केलीय. त्या दिवशी दुपारी दोन वाजता ती माझ्या शेजारच्या पाताला खुरपत होती. तिच्या डब्यातलं लोणचं मी खाल्लेलं.