मीडियम स्पायसी

"स्पायसी चालेल ना?" हा प्रश्न वेटर असा काही टाकतो, की हो किंवा नाही म्हटलं की विषय संपला. मुळात तो एक प्रश्न नाहीच. झणझणीत हवं की नुसतं चमचमीत, लाल तिखट जास्त की गरम मसाला, हिरव्या मिरचीचा ठसका की मिऱ्याचा, घशाशी जळणारं की मोहरीसारखं नाकात जाणारं, एवढी सगळी चौकशी त्या एका शब्दात कोंबलेली असते. वेलची आणि जायफळ इंग्रजीत स्पाइसच. पण जायफळ घातलेल्या श्रीखंडाला कुणी स्पायसी म्हणून दाखवावं. एवढ्या गुंत्यातून सुटायला मी सांगतो, "मीडियम". स्वयंपाकघरात या शब्दाला काडीचा अर्थ नाही.

बऱ्याच हॉटेलांत ग्रेव्ही आधीच पातेली भरून तयार असते. लाल म्हणजे कांदा-टोमॅटोची, पांढरी म्हणजे काजू-मगजाची. ऑर्डर आली की आचारी डावभर कढईत ओढतो. तिखट वाढवणं त्याला सोपं. कमी करणं अशक्य, कारण लाल ग्रेव्हीत शिजलेली मिरची परत डब्यात जात नाही. मग "कम स्पायसी" ऐकलं की तो पांढरी ओततो, वर क्रीम आणि चिमूटभर साखर. जाळ होत नाही हे खरं, पण बासुंदीत पनीर बुडवल्यासारखं लागतं. "एकदम स्पायसी" म्हणणारे शूर लोकही फसतात. त्यांच्या ताटलीत शेवटच्या मिनिटाला मिरचीपूड भुरभुरली जाते. ती तेलात परतलेली नसते, त्यामुळे चव कच्ची आणि खोकला पक्का.

रंगावरून अंदाज बांधायला जाल तर आणखी खड्ड्यात. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी मिरची दिसायला लालभडक, तिखटाला मात्र बेताची. म्हणूनच घरच्या मसाल्यात ब्याडगी रंगाला आणि लवंगी जाळाला असा जुना तह असतो. उलट कोल्हापूरचा पांढरा रस्सा पाहा. नारळाचं दूध, खसखस, तीळ, एकूण चेहरा सात्त्विक. दुसऱ्या वाटीला मिरे आणि आलं आपली ओळख करून देतात.

याबाबतीत आयुर्वेदाचे जुने वैद्य वेटरपेक्षा नेमके होते. त्यांचा 'कटू' म्हणजे आपलं तिखट आणि 'तिक्त' म्हणजे आपलं कडू. सुंठ, मिरे, पिंपळी मिळून त्रिकटू. त्यात मिरची नाही, कारण ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर इकडे आली ती सोळाव्या शतकात. पोर्तुगीजांच्या लसूण आणि वाइनमध्ये मुरवलेल्या मांसावरून गोव्यात विंदालू झाला, वाइनच्या जागी व्हिनेगर आलं. इंग्लंडच्या करी हाउसांत तोच शब्द नुसता तिखटाची पायरी झाला: कोर्मा, मद्रास, विंदालू. आंबटपणाबद्दल चकार शब्द नाही.

आता आग लागलीच तर. पाणी पिऊ नका. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते तेलात विरघळतं. पाण्याने ते फक्त जिभेवरून टाळूपर्यंत फिरून येतं. जिभेवरचा जो ग्राहक (गिऱ्हाईक नव्हे, उष्णता टिपणारा रिसेप्टर) ते चेतवतं, तो एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर जागा होतो. म्हणजे तिखट ही चव नव्हेच, भाजल्याचा भास. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. उतारा मात्र साधाच: सायीचं दूध किंवा दही तोंडात धरून ठेवायचं, घटाघट गिळायचं नाही. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं.

घरी रस्सा जास्त तिखट झाला की हमखास कुणीतरी म्हणतं, "बटाटा टाक." बटाटा रस्सा पितो, नेमकं तिखट वेचून घेत नाही. त्यापेक्षा गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा आणि वर आलेला लाल तवंग पळीने काढून घ्या. बरंचसं तिखट त्या तेलातच असतं. मग नारळाचं दूध किंवा दाण्याचं कूट, आणि मीठ पुन्हा चाखून. गूळ-चिंचेने लक्ष दुसरीकडे जातं, तिखट जागेवरच राहतं.

मिसळीच्या दुकानात म्हणून मी मीडियमच्या फंदात पडत नाही. "कट वेगळा, तर्री वाटीत" एवढं सांगावं आणि चमच्याने आपलं आपण ठरवावं. मालक तुच्छतेने बघतो, बघू द्यावं. फक्त तो प्रेमाने जवळ येऊन "अहो, घ्या की अजून" म्हणत आपल्या हातची तर्री ओतायला लागला, तर बशीवर आडवा हात धरायला विसरू नका.