गाडी आहे ना तुझ्याकडे?

मुंबईत गाडी घेतल्यावर माणसाला पार्किंग छळतं, ईएमआय छळतो वगैरे सगळं खरंय, पण खरा त्रास शेजाऱ्यांचा. गाडी बिल्डिंगखाली लागली रे लागली की अख्खी बिल्डिंग तुमची सुट्टी आपापसात वाटून घेते.

आमच्या पार्ल्याच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर एक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्याच मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातल्या आंटी राहतात, माहेर मरोळ गावठाणातलं. मे महिन्यात त्यांनी मला जिन्यात गाठलं. "रविवारी काय करतोस रे? काही नाही ना? मग आमच्या जुन्या चर्चला चल, फीस्ट आहे. गाडी आहे ना तुझ्याकडे?" प्रश्न त्यांचे, उत्तरंही त्यांचीच, मी फक्त दुधाची पिशवी घेऊन उभा.

हे जुनं चर्च म्हणजे सीप्झच्या आतलं. सीप्झ माहितीय ना, सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोन, म्हणजे निर्यातीच्या कंपन्यांची बंदिस्त वसाहत, नाव सांताक्रूझचं आणि वस्ती अंधेरीत, आणि त्याच्या आत पश्चिम किनाऱ्यावरच्या ईस्ट इंडियन लोकांचं चर्च, म्हणजे या भागात दिशा विचारायच्याच नाहीत. सेंट जॉन द बॅप्टिस्टचं हे चर्च पोर्तुगीज जेझुइट पाद्र्यांनी १५७९ साली बांधलं. १८४० मध्ये गावात साथ आली, लोक उठून मरोळला गेले, तिकडे नवं चर्च बांधलं आणि हे तसंच ओसाड पडलं. मग १९७३ मध्ये भोवती सीप्झ आलं आणि अवशेष कंपाउंडच्या आत गेले. आता हिऱ्यामोत्यांच्या आणि कॉम्प्युटरच्या कंपन्यांच्या मधोमध काळ्या दगडाच्या भिंती उभ्या आहेत, आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, गावाची माणसं तिथे मिस्साला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला जमतात. या संताचा खरा सण २४ जूनला असतो, पण छप्पर नसलेल्या चर्चमध्ये जून अखेरीला छत्र्या उघडून कोण बसणार? त्यापेक्षा उन्हात बसलेलं बरं असं कोणीतरी ठरवलं असणार, आणि तो कोणीतरी नक्कीच एसी गाडीतून येत असणार.

एसी गाडीतून मीही निघालो म्हणा. मागे तीन आंट्या, पुढे माझ्या शेजारी अंकल, मे महिन्यात, कोट आणि टाय लावून! आणि मागच्या आंट्यांच्या पायांमध्ये कपड्याने तोंड बांधलेला चिकनचा भलामोठा टोप. तो आधी मरोळला आमच्या आंटींच्या भावजयीकडे टाकायचा होता, पण आंटींच्या साडीच्या पिना सापडेपर्यंत उशीर झाला, मग टोपही आमच्याबरोबर चर्चला. "ब्रेक हळू मार हा, रस्सा पातळ आहे." सहार रोडवर हळू ब्रेक मारून दाखवा कोणीतरी. बॉटल मसाल्याचा वास सीटच्या कव्हरात असा काही मुरला की नंतर कितीतरी दिवस ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरलो की वॉचमन विचारायचा, साहेब आज डब्यात काय?

गेटवर सिक्युरिटीवाल्याने रीतसर टोपाकडे बोट दाखवलं. आंटींनी फडकं सोडलं, झाकण उचललं आणि म्हणाल्या, "बघ, पण बोट घालू नको." बिचारा दोन पावलं मागे सरला. एवढी जलद तपासणी मी आयुष्यात पाहिली नाही.

आत खरंच बघण्यासारखं आहे हे सांगायला पाहिजे. जाडजूड भिंती, रिकाम्या कमानी, वर थेट आभाळ, आणि खाली चौकड्यांचं लुगडं नेसून, गळाभर सोनं घालून बसलेल्या म्हाताऱ्या. कोणी लोणावळ्याला, कोणी हंपीला पळतं, आणि मरोळ नाक्याजवळ हे असं काहीतरी आहे याचा त्यांना पत्ताच नसतो. पण बघायला आधी डोळे उघडे राहायला हवेत, माझ्या भुवईवरून घाम थेट डोळ्यात. शर्ट प्लास्टिकच्या खुर्चीला चिकटलेला. त्यात मिस्सा म्हणजे उठबस आलीच, सगळे उभे राहिले की माझ्या लक्षात यायचं, मी खुर्चीपासून स्वतःला सोडवून उभा राहीपर्यंत सगळे बसलेले, मग गर्दीत मी एकटाच उभा, फादर माझ्याकडे बघतायत आणि अंकल खालून कोपर खेचतायत. अंकलना मात्र त्या कोटात एक थेंब घाम नाही. काय खातात कोण जाणे.

काय खातात ते जेवायला मरोळला गेल्यावर कळलं. भावजयीच्या घरात पत्रावळीएवढ्या प्लेटमध्ये तो चिकनचा रस्सा, त्यात विंदालूसारखं पोर्क इंद्याल, आणि फुगे. फुगे मी स्वयंपाकघरात उभं राहून पाहिले. मैद्याचं फुगलेलं सैल पीठ मुठीत धरायचं, अंगठा आणि बोटामधून वर दाबून काढायचं, की गोळा टपकन तेलात पडतो आणि टम्म होऊन स्वतःच कूस बदलतो. मी सातवा खाल्ला तेव्हा "आत्ताशी सुरुवात केलीस" म्हणून आणखी चार पडले. नको म्हणायची सोयच नाही, नको म्हटलं की ती चव आवडली नाही असं धरतात आणि दुसरं काहीतरी वाढतात.

तेवढ्यात बॉटल मसाल्यावरून पेटलं. हा मसाला पावसाच्या आधी उन्हात वाळवून, भाजून, कुटून बियरच्या काळ्या बाटल्यांमध्ये दाबून भरतात आणि वर्षभर पुरवतात. त्यात किती जिनसा असतात ते मात्र प्रत्येक घराचं वेगळं. आमच्या आंटी म्हणाल्या सत्तावीस, भावजय म्हणाली बत्तीस, त्याहून कमी म्हणजे तो मसालाच नाही. मग दोघी माझ्याकडे वळल्या, कारण मी बाहेरचा, म्हणजे निःपक्ष. "तू सांग, तू आमच्याकडचंही खाल्लंयस!" माझ्या तोंडात अख्खा फुगा. मी आधी आंटींकडे बघून मान डोलावली, मग भावजयीकडे बघूनही डोलावली, आणि दोघींनी एकदम माझ्या ताटातलं इंद्याल उचलून अंकलना वाढलं.