ओलं कापड, लाकडी टेबल आणि खिरापतीचा डबा

गेल्या ऑक्टोबरात कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावर गेलो होतो. तिथे 1997 पासून दर ऑक्टोबरला ‘केल्टिक कलर्स’ हा महोत्सव भरतो, नऊ दिवस, बेटभर गावोगावी. त्यातल्या एका संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा ‘मिलिंग फ्रॉलिक’ला बसले.

लांबलचक लाकडी टेबल, दोन्ही बाजूंना दाटीवाटीने बसलेली माणसं आणि मध्ये ओल्या लोकरीचं जाड कापड. सगळ्यांनी ते मुठीत धरायचं, टेबलावर आपटायचं, पुढे ढकलायचं, मागे ओढायचं. धप्प, धप्प, धप्प. एक जण ओळ उचलतो, ध्रुवपद सगळे म्हणतात आणि कापड शेजाऱ्याकडे सरकत राहतं. पूर्वी मागावरून उतरलेली लोकर अशी तासन्‌तास बडवून दाट करत, म्हणजे वारा-पाऊस आत शिरत नसे. त्या कामाची ही गाणी. सगळी गॅलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाच्या (हायलँडच्या) आणि बेटांच्या जुन्या भाषेत. शेजारच्या आजोबांनी न विचारता कापडाचं टोक माझ्या हातात दिलं. दुसऱ्या गाण्याला खांदे भरून आले होते आणि अर्थ कळत नसतानाही ध्रुवपद माझ्या तोंडात बसलं होतं.

मला माझी आजी आठवली. पहाटे जात्यावर बसली की तिला ओवीमागून ओवी सुचायची. दुपारी आम्ही मागे लागायचो, “आजी, म्हण ना,” तर म्हणायची, “अगं, अशी बसल्या जागी कशी येईल?” खुंट्याला हात लागल्याशिवाय तिची ओवी निघायचीच नाही.

परवा मॅक्सव्हिलला ग्लेनगॅरी हायलँड गेम्स बघताना हे सगळं परत डोक्यात आलं. आम्ही ऑटवाकर, त्यामुळे मॅक्सव्हिल तासाभराच्या अंतरावर. 1948 पासून चालू असलेला हा खेळांचा मेळा मला मनापासून आवडतो. त्यातला एक खेळ केबर फेकण्याचा. केबर म्हणजे विजेच्या खांबाएवढा ओंडका. तो उभा पेलून धावायचं आणि असा भिरकावायचा की जाड टोक जमिनीवर टेकून ओंडका पलटी खाईल आणि बारीक टोक सरळ समोर पडेल. किती लांब गेला याला किंमत नाही, सरळ पडला का एवढंच पंच बघतात. संध्याकाळी सगळे बँड एकत्र मैदानात उतरतात, शेकडो बॅगपाइप एकदम सूर धरतात, तेव्हा छातीत काहीतरी हलतं. दर वर्षी हलतं.

या लोकांच्या किल्ट (चौकडीचा, गुडघ्यापर्यंतचा घागरा) घालण्याला ‘फॅन्सी ड्रेस’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. 1746 साली कलोडनच्या लढाईत हायलँडचे लोक हरले. त्यांचा हा पोशाख कायद्याने बंद झाला आणि ती बंदी उठायला 1782 उजाडलं. पुढे वाढत्या खंडापायी आणि जमीनदारांच्या मेंढ्यांपायी गावंच्या गावं उठली. 1786 साली नॉयडार्ट भागातून पाचेकशे माणसं आपल्या पाद्र्यासह इथे ग्लेनगॅरीत येऊन वसली. त्यांच्या वंशजांनी तो किल्ट मिरवावाच.

पण मेळ्यातल्या एका क्लॅनच्या, म्हणजे कुळाच्या, तंबूत एक सत्तरीच्या बाई भेटल्या. त्यांची आजी गॅलिकमध्ये प्रार्थना करायची. त्यांना स्वतःला एकच वाक्य येतं, ‘किमर अ हा ऊ’, म्हणजे कशी आहेस. मी विचारलं, कोणी उत्तर दिलं तर? त्या म्हणाल्या, “मग मला पुढचं कळणार नाही.” हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते.

1890 साली गॅलिकला कॅनडाची अधिकृत भाषा करावी म्हणून सेनेटमध्ये विधेयक आलं होतं, इतके लोक तेव्हा ती बोलत होते. ते फेटाळलं गेलं. शाळेत ती बोलली म्हणून मुलांनी मार खाल्ला. आज साऱ्या देशात ती बोलणारे दोन हजारांच्या आसपास उरलेत. किल्ट इंग्रजीत घालता येतो. केबर इंग्रजीत फेकता येतो. बॅगपाइपही इंग्रजीत वाजतो. त्या ओल्या कापडाच्या टेबलाशी मात्र गॅलिकशिवाय पान हलत नाही, कारण तिथे भाषेच्या अंगावर काम आहे.

मराठी मंडळातल्या माझ्या माणसांनो, आता आपल्याबद्दल बोलते. ढोल मराठीशिवाय वाजतो. नऊवारी मराठीशिवाय नेसता येते. लेझीमसुद्धा ‘वन, टू, थ्री’वर बसते, आपल्या मुलांची बसलीच आहे. आपण वर्षभर राबतो ते याच गोष्टींसाठी आणि मराठीच्या वाट्याला काय येतं, तर स्टेजवर पाठ करून म्हटलेलं पाच मिनिटांचं भाषण. मुलं ते खाली उतरताना विसरतात. त्यांचं चुकत नाही, त्या भाषणाने कुणाचं काही अडत नाही.

म्हणून यंदा माझा हट्ट भोंडल्यासाठी आहे. गरब्याच्या तारखांमुळे तो दर वर्षी मागे पडतो, यंदा पडू द्यायचा नाही. पाटावर हत्ती काढू, फेर धरू, गाणी म्हणू आणि मग खिरापत. खिरापत मराठीतच ओळखायची. गोड की तिखट? कुरकुरीत की मऊ? तळलेली की वाफवलेली? गेल्या वर्षी आमच्या घरी दहा जणांपुरता हा खेळ केला. एक पाच वर्षांची मुलगी, जिच्याशी घरी सगळे इंग्रजीतच बोलतात, डब्याला कान लावून बसली होती. आईने हळूच इंग्रजीत विचारलं, तर तिने आईच्या तोंडावर हात ठेवला आणि डबा जोरात हलवून मलाच विचारलं, “काकू, खोबरं आहे?”

होतं.

घटस्थापनेनंतरच्या शनिवारी, हॉल मी बघते. डबे तुम्ही आणा, झाकण घट्ट लावून.