फाईल गहाण नसते

माझ्या आत्याचा वाटपाचा दावा तालुक्याच्या कोर्टात सहा वर्षं चालू आहे. मागच्या महिन्यात तिने वकील बदलायचं ठरवलं आणि आम्ही दोघी कागद आणायला गेलो. वकीलसाहेब म्हणाले, "ताई, चाळीस हजार बाकी आहेत. ते द्या आणि फाईल घेऊन जा." आत्याचं म्हणणं, दर तारखेला हजार-दोन हजार रोख दिलेत. पावती एकाही पैशाची नाही. आणि त्या फाईलमध्ये आजोबांच्या खरेदीखताची मूळ प्रत आहे.

बासष्ट वर्षांची माझी आत्या त्या ऑफिसच्या जिन्यात बसून रडली. म्हणून हे लिहितेय.

फी थकली म्हणून पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या निकालात हे स्पष्ट सांगितलंय. तिथे पक्षकार एक सहकारी बँक होती आणि वकिलांनी ९७,१०० रुपये येणं दाखवून फायली ठेवून घेतल्या होत्या. कोर्ट म्हणालं, हे कागद म्हणजे विकून पैसे वसूल करायचा माल नव्हे. मागितल्यावर ते परत न देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. फी हवी असेल तर त्यासाठी कायदेशीर मार्ग आहे. वकिलाला फीसाठी दावा लावायचा हक्क १९२६ च्या कायद्यानेच दिलाय.

वकिलाने फी म्हणून नुकसानभरपाईतला टक्का मागणंही बेकायदा आहे. २०१७ च्या बी. सुनीता प्रकरणात अपघातात नवरा गेलेल्या बाईकडून वकिलांनी असाच हिस्सा म्हणून चेक घेतला आणि तो वटला नाही म्हणून तिच्यावरच केस केली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

माझा मामा स्वतः वकील आहे, त्यामुळे दुसरी बाजूही घरातच ऐकलीय. साक्षीपुरावा होईपर्यंत रोज फोन करणारा माणूस निकालानंतर फोन उचलत नाही. मामाची अशी कितीतरी फी बुडाली. दावा लावला तर "हा स्वतःच्याच पक्षकाराला कोर्टात खेचतो" असं नाव होतं, म्हणून तो गप्प बसतो. त्याचा राग मला समजतो. पण त्याने कधी कुणाचे कागद अडवले नाहीत.

२०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. हे मला पटलेलं नाही. आत्यासारखीने चाळीस हजारांच्या वादासाठी जायचं कुठे? उरते ती बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या गैरवर्तनावर कारवाई करणाऱ्या संस्थेकडे तक्रार, आणि आमची कौन्सिल मुंबईत.

नव्या वकीलबाईंनी वकीलपत्रावर सही घेण्याआधीच एका कागदावर लिहून दिलं: कैफियतीपर्यंत (म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरापर्यंत) किती, पुराव्याला किती, युक्तिवादाला किती, टायपिंग आणि नकलांचा खर्च वेगळा. पाच मिनिटंही लागली नाहीत. हा कागद सहा वर्षांपूर्वी झाला असता तर त्या वकीलसाहेबांनाही आपली बाकी दाखवता आली असती.

काल स्पीड पोस्टाने पत्र पाठवलंय. फाईल सात दिवसांत द्या, हिशेबाचं बसून बोलू. तोपर्यंत कोर्टातून सही-शिक्क्याच्या नकला मिळवतोय. पुढची तारीख १९ ला आहे.