खायला थोडंच मागतंय?

सोमवारी माझा हाफ डे लागला. पहाटे तीनला नाशिकच्या अंबडमधल्या ऑफिसातून घरी गेलेला माणूस पावणेअकराला परत आला, त्यातलं थंब मशीनला फक्त पावणेअकरा कळलं.

रविवारी, जीएसटीच्या २० तारखेच्या आदल्या दिवशी, हिशेबाचा सर्व्हर थिजला. डिस्क गच्च. कारण १४ महिन्यांपूर्वीचा एक स्नॅपशॉट, म्हणजे बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून सर्व्हरच्या त्या क्षणाला मारलेली खूण. अपडेटआधी घेतलेला, दुसऱ्याच दिवशी काढणार होतो. तेव्हा अकाउंट्सचे काका म्हणाले होते, "असू दे रे, खायला थोडंच मागतंय?"

खातं ना, काका! स्नॅपशॉट घेतला की जुनी डिस्क गोठते आणि पुढचा प्रत्येक बदल वेगळ्या फाईलमध्ये साचत जातो. पुरात गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी कसं नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागतं, तसं. ज्यांच्या सॉफ्टवेअरवर हा सर्व्हर चालतो, ते व्हीएमवेअरवाले स्नॅपशॉट ७२ तासांच्या वर ठेवू नका म्हणतात. पण मारुतीकडे बघायला अख्खं नाशिक पुलावर जमतं. या फाईलकडे कोण बघतो?

आधी इकडचं तिकडे हलवून थोडी जागा केली. मग माउस 'डिलीट'वर नेला, तर काकांनी माझं मनगटच धरलं.

"वर्षाचा हिशेब पुसतोस?"

"डिलीटनं हिशेब राहतो, काका. साचलेलं मूळ डिस्कमध्ये मिसळतं."

"आणि ते शेजारचं?"

"रिव्हर्ट. त्यानं १४ महिने मागे जाऊ. हिशेब जाईल."

"म्हणजे पुसलं की राहतं, आणि परत आणलं की जातं?"

"हो."

काकांनी चष्मा पुसला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मागे गेलो तर ती मार्चची नोटीस पण जाईल का रे?"

"नोटीस कागदावर आलीये, काका."

"हं. मग पुसच."

९९ टक्क्यांवर डिलीट जो अडकला, तो अडकलाच. मध्येच थांबवायची सोय नाही. काका दर पाच मिनिटांनी "हललं का?" आणि मधल्या वेळात त्यांच्या माळ्यावर जपून ठेवलेल्या तीन बंद मिक्सरच्या गोष्टी.

बॅकअपसाठी वेगळी डिस्क मी दोनदा मागितली होती. "स्नॅपशॉट आहे ना" म्हणून कागद परत. अहो, तो त्याच डिस्कवर, तिलाच टेकून उभा! घर जळालं तर कपाटातली झेरॉक्स वाचते का? तो कागद परत करणारी सही आणि हाफ डेवरची सही एकच आहे, हे आपलं सहज सांगितलं.

हाफ डे काढायला साक्षीदार मागितला, तर काका स्वतःहून आले. "होतो ना मी! पहाटेपर्यंत स्क्रीनकडे बघत नुसता बसून होता बिचारा. काही म्हणजे काही केलं नाही."