कावळा शिवला तेव्हा मी कॉलवर होते

आज संध्याकाळी साडेसहाला आमच्या कंपनीने मला श्वास घ्यायला शिकवलं. 'वेलनेस वीक' चालू आहे. हजेरी सक्तीची, कॅमेरा ऑन. एक बाई मधाळ आवाजात सांगत होत्या, डोळे मिटा, चार आकडे मोजत श्वास आत घ्या. मिटले. कानात ऑफिसच्या टीम्स ॲपचं टिंग टिंग. त्याच सेशनमध्ये बसलेला आमचा मॅनेजर विचारत होता, "ईटीए?" म्हणजे काम कधी होणार?

तेव्हा हसू आलं. पण रात्री पावणेअकराला ओटा पुसत होते, तर त्याचाच मेसेज. "क्विक कॉल?" डोकंच फिरलं. म्हणून लिहितेय. लांबणार आहे, वाचायचं तर वाचा.

'क्विक कॉल'शी माझं जुनं वैर आहे. तीन वर्षांपूर्वी पुण्यातच, ओंकारेश्वरच्या घाटावर बाबांचा दहावा. दादाने पिंड ठेवले, आम्ही लांब उभे. झाडावर कावळेच कावळे, खाली एक येईना. काका म्हणाले, काहीतरी राहिलंय त्याचं. दादा हात जोडून म्हणाला, आईला सांभाळू. नाही. घराच्या हप्त्यांचं बोलून झालं. नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या बेतात होते आणि माझा फोन थरथरला, "क्विक कॉल?" मी रजेवर होते, कशासाठी ते सगळ्या टीमला ठाऊक होतं. तरी मी भिंतीपलीकडे गेले आणि सॉफ्टवेअरच्या रिलीजचं स्टेटस दिलं. परत आले तर आई म्हणाली, "शिवला गं. तू कुठे होतीस?"

बाबा पिंपरीला फिटर होते. फर्स्ट शिफ्ट, साडेतीनला भोंगा, चार-सव्वाचारला कंपनीची बस कोपऱ्यावर. त्यानंतरचा माणूस आमचा. ओव्हरटाइम तेही करायचे, नाही कशाला म्हणू? पण त्याचे दुप्पट पैसे मिळायचे, 1948 च्या फॅक्टरी कायद्यातच होतं ते. मला काय मिळतं? सुगंधी मेणबत्ती. खरंच, गेल्या वर्षी वेलनेस किटमध्ये आली होती.

बरं, पगार चांगला आहे, मान्य. बाबांच्या कितीतरी पट आहे. क्लायंटची सकाळ म्हणजे आपली रात्र, हेही मॅनेजरच्या हातात नाही. मान्य. पण दहाव्याच्या दिवशी सकाळचे दहा वाजले होते, क्लायंट झोपला होता!

आणि वरून हे मोठे लोक. 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं. 2025 च्या जानेवारीत एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांचे 90 तास आले, शिवाय घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ बघणार, हा सवाल. अहो, बघू दे की! बायकोलाही विचारा कधीतरी तिला किती वेळ हवाय ते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली, ती मिळायला 1890 चा जून उजाडला. तो रविवार आपण वातानुकूलित खुर्चीत बसून फुकट परत देतोय.

2024 सालात पुण्यातल्या एका ऑफिसात रुजू होऊन चार महिने झालेली 26 वर्षांची मुलगी गेली. तिच्या आईचं पत्र आपण सगळ्यांनी शेअर केलं. मीही केलं, खाली रडका इमोजी टाकला, आणि त्याच आठवड्यात रात्री साडेअकराला लॉगइन होते.

हेच खुपतंय, दुसरं काही नाही. दहाव्याच्या दिवशी मला कुणी धरून नेलं नव्हतं. फोन उलटा ठेवता आला असता. मॅनेजरला तर नंतर कळलं की मी तेव्हा घाटावरच होते, बिचारा चारदा सॉरी म्हणाला. त्यालाही वरून कुणीतरी ईटीए विचारतच असणार. (तरी आजचा राग आहेच. तो कमी होणार नाही.) आणि तो रिलीज? पुढच्या आठवड्यात रोलबॅक झाला, म्हणजे मागेच घेतला.

आत्या मात्र अजून सांगते, "पोरगी कामात आहे, मार्गाला लागली, हे बघूनच शिवला तो. माझ्या दादाला, तुझ्या बाबांना, तुझीच काळजी होती." तिला वाटतं, यानं मला बरं वाटेल. मी मान डोलावते. त्या दोन मिनिटांत आई मनात काय म्हणाली असेल, ते मी तिला कधी विचारलेलं नाही.

साडेअकरा झाले. "क्विक कॉल"ला उत्तर दिलेलं नाही. मघाशी एक फॉर्म आलाय, 'आजच्या सत्रानंतर तुम्हाला किती ताणमुक्त वाटतंय? 1 ते 5', उद्या दुपारपर्यंत भरणं सक्तीचं. खाली सूचनांसाठी चौकट आहे. तिथे 'कावळा शिवला' एवढंच लिहावं म्हणतेय. एचआरची मुलगी इंदूरची आहे, तिला काही कळायचं नाही.