भाच्याची गाडी, अक्काच्या डांबरगोळ्या आणि 9 सेकंदांची थाप

परवा रात्री अक्काचा फोन. "तुझ्या भाच्यानं कपाटातल्या डांबरगोळ्या नेल्यात, गाडीत घालायला म्हणं. तूच सांगितलंयस काय?" मी कशाला सांगू असलं काय! पोराला झापल्यावर त्यानं तो फॉरवर्ड दाखवला, जो गेले पंधरा दिवस गल्लीच्या ग्रुपपासनं तालमीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडं फिरतोय. "शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत! एक रुपया न घालता तुमची स्टॉक (कंपनीतनं आली तशी) गाडी ताशी 0 ते 100 किमी, 14 सेकंदांऐवजी 9 सेकंदांत." आणि खाली सहा उपाय, त्यातला पहिलाच पेट्रोलच्या टाकीत सहा डांबरगोळ्या टाकायचा.

अरे, हिशोब तरी करा. गाडीचं वजन तेच, गाठायचा वेग तोच, मग 14 च्या जागी 9 सेकंदांत काम उरकायचं तर चाकापर्यंत सरासरी दीडपटीहून जास्त ताकद पोचायला पाहिजे. म्हणजे समजा 83 हॉर्सपॉवरचं इंजिन जवळपास 130 चं झालं पाहिजे. ते पण सहा डांबरगोळ्यांवर?

आता त्या गोळ्या. डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन. पेट्रोलमध्ये ते विरघळतं, म्हणून लोकांना वाटतं जमलं काम. खरं एवढंच की पूर्वी पेट्रोल हलक्या ऑक्टेनचं मिळायचं तेव्हा काही लोक हा उद्योग करायचे, कारण नॅप्थलीननं नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक, थोडं दबतं. पण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे रे बाबांनो, पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटू नये म्हणून असलेली सहनशक्ती ती. जे इंजिन साध्या पेट्रोलवर नॉक करतच नाही, त्याला त्याचा काय उपयोग? उलट नॅप्थलीन 80 अंशाला वितळतं, गाडी बंद केल्यावर गरम इंजिनात पेट्रोल आधी उडून जातं आणि हे मागं राहतं, तेही पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांत. कार्बोरेटर उघडून फुंकर मारायचे दिवस गेले आता. उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी टाकी उतरवून सगळं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, वास घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्यात साड्या ठेवायच्यात काय?" मला मान खाली घालावी लागली.

दुसरा उपाय, 4000 आरपीएमला रेस करून क्लच झटक्यात सोडा. हे अर्धं खरं आहे, मान्य करतो, नाईलाजानं. आयडलवरनं निघण्यापेक्षा थोडी रेस वाढवून निघालं तर गाडी पटकन उचलते, टायमिंग घेणारेही तसंच करतात. पण आपल्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, आणि जोरात निघताना वजन मागं सरकतं, म्हणजे नेमकी ओढणारी चाकंच हलकी होतात. मग ती जागच्या जागी फिरतात नाहीतर क्लच घसरतो, आणि ताकद जाते सगळी उष्णतेत. जाळ अन् धूर संगटच, पण क्लचप्लेटचा! भाच्यानं शिरोली नाक्याजवळ तीन वेळा केलं म्हणं, तिसऱ्या वेळी जळका वास आला तेव्हा थांबला. शहाणाच की.

तिसरा, एअर फिल्टर काढून टाका. इथं एक भक्कम गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीनं 2009 मध्ये ह्याचीच तपासणी केली होती. फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत चोंदलेला फिल्टर बदलला तर मायलेज वाढत नाही, पण अ‍ॅक्सिलरेशनची वेळ साधारण 6 ते 11 टक्के सुधारते. म्हणजे फॉरवर्डवाल्यानं कुठंतरी काहीतरी ऐकलंय. पण ते चोंदलेला काढून नवा बसवण्याबद्दल आहे, फिल्टरच काढण्याबद्दल नाही! आणि कोल्हापुरात काढणार? पोरगं रोज शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत जातंय, तिथली मोल्डिंगची वाळू हवेत असते, ती थेट सिलिंडरमध्ये गेली की रिंगा पॉलिश पेपरनं घासल्यासारख्या जातील. आणि 11 टक्के धरले तरी 14 चे साडेबारा होतात, 9 नाही.

चौथा, टायरमध्ये 45 पीएसआय हवा भरा म्हणे. सुटताना रस्त्याला पकड पाहिजे आणि हा पकडच कमी करायला सांगतोय. ड्रॅग रेसवाले ओढणाऱ्या टायरची हवा उलट कमी करतात. दाराजवळच्या स्टिकरवर आकडा लिहिलाय, तेवढीच भरा, विशेषतः पावसाळ्यात.

बॅटरीची वायर काढून ठेवली तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, शिकलेलं विसरतो, चार दिवस आयडलिंग वेडंवाकडं होतं, बाकी शून्य. एसी बंद केला तर छोट्या इंजिनाला फरक जाणवतो, हे खरं. पण बऱ्याच गाड्या फुल थ्रॉटलला कॉम्प्रेसर स्वतःच सोडून देतात, सांगायला फॉरवर्ड लागत नाही.

खरंच फुकटात काही करायचं असेल तर डिकी रिकामी करा. भाच्याच्या डिकीत काय निघालं माहितीये? दोन लोखंडी डंबेल, तालमीतली गदा आणि अर्धं पोतं कांदे. ते उतरवल्यावर म्हणतो, "मामा, पिकअप सुधारला." अक्काच्या कपाटाला आता वास नाही, पण त्याच्या गाडीत बसलं की कुणीतरी पेटी उघडल्यासारखं वाटतं.